दांडगा प्रवासी

"सर, प्लीज आपल्या जागेवर बसा."

"नाही बसत. तुझ्या पायलटला बोलव. खिडकी देतो बोललेले, दिली का?"

परब वाटेत उभे होते. शर्टाची वरची बटणं उघडी, केस कपाळावर, जीभ जड. सान्वीने चहाची ट्रॉली आडवी लावून धरली होती. तिच्या पाठीमागे कॉकपिटचं दार उघडं होतं, कारण पायलट नुकताच बाथरूमला जायला बाहेर आला होता. परबांनी ट्रॉलीला धक्का दिला आणि ते पुढे घुसले. सान्वीने शिकवल्याप्रमाणे त्यांचा हात पकडून मागे पिरगळला, गुडघ्याच्या मागून पायाने ढकललं आणि परब पालथे पडले. इथवर सगळं छान झालं. मग त्यांना तिथेच दाबून ठेवायला तिने त्यांच्या पोटरीवर पाय दिला. पाय लागल्याबरोबर तिने त्यांचा हात सोडला, वाकून त्यांच्या खांद्याला बोटं टेकवली आणि ती स्वतःच्या कपाळाला लावली.

कोणाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे आपल्याकडे पोराला चालायला लागल्यापासून शिकवतात. ते सान्वीच्या हाताला ठाऊक होतं, तिला विचारायची हाताला गरज नव्हती. पण परबांनाही त्यांचं काम होतं. ते उठले, तिला बाजूला सारून उघड्या दारातून आत शिरले आणि पायलटच्या खुर्चीवर हात ठेवून उभे राहिले.

"गेलं विमान," मैथिली मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्यांदा."

विमान अर्थातच कुठे गेलं नव्हतं. ते कोलशेतमधल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये होतं, आणि विमान म्हणजे तरी काय, भंगारात घेतलेल्या खुर्च्यांच्या काही रांगा, वर सामान ठेवायचे कप्पे, खिडक्यांवर चिकटवलेले ढग आणि पुढे प्लायवूडला पत्रा मारून केलेलं कॉकपिटचं दार. विमानात काम करू पाहणाऱ्या मुलामुलींना इथे शिकवलं जाई. पायलट होई हिशेब बघणारा सुदेश, टोपी घालून. आणि जो प्रवासी दंगा करतो, धक्काबुक्की करतो, कॉकपिटकडे धावतो, तो प्रवासी म्हणजे विश्राम परब. गेली काही वर्षं त्यांचा हाच उद्योग होता. सीट नंबर चार सी.

कोपरीत शेजारीपाजारी विचारत, "परब, सध्या कुठे?" तर ते "एअरलाइन्सच्या लाइनमध्ये" असं सांगत आणि पुढचा प्रश्न यायच्या आत पिशवी घेऊन जिना चढत. आधी ते कोलशेतच्याच एका रंगाच्या कंपनीत होते. कंपनीच्या नाटकात दारुड्याचं काम हमखास त्यांच्याकडे यायचं. कंपनी बंद पडली, नाटक बंद पडलं, पण दारुडा राहिला. त्यानेच पुढे त्यांना जेवू घातलं. गंमत अशी की परबांनी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता.

हे काम धरताना त्यांनी मैथिली मॅडमना एक अट घातली होती. "ढकलीन, ओरडीन, तुम्ही सांगाल तेवढा तमाशा करीन. पण पोरींना घाण बोलणार नाही." मॅडमनी तोंड वाकडं केलं होतं, कारण खरे दंगेखोर सुरुवात तिथूनच करतात. पण माणूस चांगला मिळत होता, म्हणून त्या हो म्हणाल्या. त्यामुळे परबांचा दारुडा खिडकीवरून भांडे, जेवणावरून भांडे, पायलटची अक्कल काढी, आणि मुली त्याला उताणा पालथा करून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधत. पट्टे कापले की "काका, लागलं का हो?" म्हणून सगळ्या गोळा होत. कोणी डब्यातलं काहीतरी देई, कोणी दुखण्यावरचा स्प्रे मारून देई. परबांना मुलगी नव्हती. दर बॅचला दहाबारा मिळत.

सान्वी शेडच्या मागच्या पायरीवर बसली होती. परब शेजारी जाऊन बसले.

"रडलीस?"

"नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "थोडंसं."

"शुक्रवारी परत आहे ना?"

"शेवटचं. तेव्हा पण गेलं तर सर्टिफिकेट नाही. सर्टिफिकेट नाही तर विमान कंपनी घेत नाही. त्यांची जॉइनिंग डेट ठरलेली आहे, काका, माझ्यासाठी कोण थांबणारे?"

"अगं, होईल."

"तुम्हाला माहितीये ना, फ्लेक्स लागलाय आमच्या चौकात?"

परबांना माहीत नव्हतं. कल्याणला, सान्वी राहायची त्या चौकात, कंपनीने तिची निवड केल्याचं कळल्यावर मंडळाच्या पोरांनी मोठा फ्लेक्स लावला होता. वर मंडळाच्या अध्यक्षाचा फोटो, खाली जरा लहान सान्वीचा, आणि मध्ये विमान. आपल्या विभागाची पहिली हवाईसुंदरी, हार्दिक अभिनंदन. ट्रेनिंग पास व्हायचं बाकी आहे हे कोणी विचारलंच नव्हतं.

"पप्पा रोज त्याच्याखालून जातात कामाला. उतरवायला लागला तर काय सांगायचं लोकांना? नमस्कार केला म्हणून राहिली?"

परबांना हसू आलं आणि वाईटही वाटलं. ते उठून पायरीसमोरच्या लादीवर सरळ पालथे झोपले.

"ठेव पाय."

"काका, उठा, कोणी बघेल."

"ठेव बोलतोय ना. सवय कर."

तिने चप्पल काढली. तेवढ्यावरूनच परबांना कळलं की हे काही जमत नाही. अनवाणी पाय तिने पोटरीवर असा टेकवला की माशी बसल्यासारखं वाटलं, आणि पुढच्या क्षणी तिची बोटं त्यांच्या खांद्याला लागली.

"अगं, मी कोणीतरी दुसराच आहे असं समज. कोणी गुंड आहे."

"कसं समजू? तुम्ही दिसताच ना." ती पुन्हा पायरीवर बसली. "बाकी कोणाला धरायला सांगा, धरते. तुम्ही चांगले आहात हे मला माहितीये. त्याचं काय करू मी?"

 परब कपडे झटकून उठले आणि मैथिली मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

मैथिली मॅडम स्वतः बरीच वर्षं विमानात होत्या. आता त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागे. परब नेमके त्या बाजूच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मॅडम, शुक्रवारी मी जरा उशिरा उठलो तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे तिने हात सोडला तरी पडून राहिलो. वयाचा माणूस आहे, उठायला वेळ लागतो कधी कधी."

मॅडम चिडतील असं त्यांना वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत.

"काका, माझा हा कान कोणी घालवला, तुम्हाला कधी सांगितलं का मी?"

"नाही."

"माझ्या वडिलांच्या वयाचे होते. ओरडत होते, मग शांत झाले. रडायलाच लागले. मला इतकं वाईट वाटलं की मी पाणी द्यायला वाकले. हातात स्टीलचा फ्लास्क होता त्यांच्या." त्यांनी टेबलावरचा पेन उचलून पुन्हा ठेवला. "नशीब, कॉकपिटचं दार तेव्हा बंद होतं. तुम्ही शुक्रवारी पडून राहाल. पुढे तिच्या विमानात कोण पडून राहणार आहे?"

परब उठू लागले, तसं मॅडमनी त्यांना हातानेच बसवलं.

"ती हुशार आहे. मला तिला घालवायचं नाहीये. पण पाच सेकंद दार उघडं असताना तिच्यामागे अख्खं विमान बसलेलं असतं. त्यांचा काय दोष?"

संध्याकाळी कोपरीच्या घरी शुभदाताई, म्हणजे परबांची बायको, ओट्याशी बांगडे साफ करत होत्या. परब दारातल्या स्टुलावर बसून सगळं सांगत होते. शुभदाताईंना प्रत्येक बॅचमधल्या मुली न बघता माहीत असायच्या.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

"ती बोलली ना, तुम्ही चांगले आहात त्याचं काय करू. तेवढंच काढून टाकायला पाहिजे."

"काढून टाकायला म्हणजे?"

"अट मोडायची. असं काहीतरी बोलायचं की तिच्या डोक्यातून काका जायला पाहिजे."

शुभदाताईंनी नळ बंद केला. "म्हणजे बोलणार काय तुम्ही?"

"ते तुला नाही सांगू शकत."

"मला नाही सांगू शकत, मग तिला कसं बोलाल?"

 शुभदाताईंनी पुन्हा नळ सोडला. त्या नवऱ्यावर रागावल्या नव्हत्या. त्यांनी बांगड्यांचं कालवण केलं. जेवताना फक्त म्हणाल्या, "नीट विचार करा. बोललेलं माघारी नाही घेता येत."

परबांनी विचार केला. त्यांनी फ्लेक्सचा विचार केला, त्याच्याखालून कामाला जाणाऱ्या बापाचा केला, आणि मैथिली मॅडमच्या कानाचा केला. स्वतःचाही केला. साठीला टेकलेल्या माणसाकडे असं काय फार असतं? दहाबारा मुली काका म्हणतात, एवढी त्यांची कमाई होती. त्यातली एक खर्च करायची होती.

शुक्रवारी सकाळी शेडमध्ये सगळे आपापल्या जागी बसले. सुदेश टोपी घालून कॉकपिटमध्ये गेला. सान्वीने ट्रॉली आडवी लावली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. परब चार सीवर बसले होते आणि आज त्यांनी केस विस्कटले नव्हते. शर्टाची बटणंही लावलेली होती. मैथिली मॅडमनी ते बघितलं.

सुदेश दार उघडून बाहेर आला आणि बाथरूमकडे वळला. परब उठले. झोकांड्या न देता, ओरडाआरडा न करता ते सरळ चालत पुढे आले.

"सर, प्लीज आपल्या जागेवर—"

परब तिच्या अगदी जवळ गेले. नेहमीचा दारुड्याचा आवाज त्यांनी काढलाच नाही. आपल्या रोजच्या, शुद्धीतल्या आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू, ते एक वाक्य बोलले.

ते वाक्य मी इथे लिहिणार नाही. बायकांना ते सांगायची गरज नाही. स्कायवॉकवर, रिक्षाच्या रांगेत, जिन्याच्या वळणावर बाईच्या कानाशी बोलून काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे निघून जाणारे पुरुष जे बोलतात, तसलं ते होतं.

सान्वीने मान वर करून बघितलं. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, एवढंच तिला बघायचं असावं. परबांनी नजर हलवली नाही. त्यांनी ट्रॉलीवर हात टाकला आणि जोरात ढकलली.

पुढचं फार पटकन झालं. हात असा पिरगळला गेला की परबांच्या तोंडून खराखुरा आवाज निघाला. ते गुडघ्यावर आले, मग तोंडावर. पोटरीवर पाय पडला, आणि त्या पायात तिचं सगळं वजन होतं. ते नेहमीप्रमाणे सुटायची धडपड करू लागले, तशी ती आणखी दाबत गेली. मागून दोघी धावत आल्या, पट्टे आवळले गेले. सुदेश परत आत गेला आणि कॉकपिटचं दार बंद झालं. मैथिली मॅडमनी शिट्टी वाजवली.

सान्वी हलली नाही.

मॅडमनी पुन्हा शिट्टी वाजवली. "सान्वी, सोड. झालं. पास."

तिने पाय काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परबांच्या गालाखाली खरखरीत गालिचा होता आणि त्यांना तिच्या बुटांची टोकं तेवढी दिसत होती. टोकं वळली आणि निघून गेली. पट्टे दुसऱ्याच मुलीने कापले. "काका, लागलं का हो?" तिने विचारलं. "नाही," परब म्हणाले. खांद्यातून कळा येत होत्या.

दुपारी ते शेडबाहेरच्या टपरीवर उभे होते. डावा हात वर होत नव्हता, म्हणून ग्लास उजव्या हातात होता. सान्वी येईल असं त्यांना वाटत होतं, आणि ती येऊ नये असंही. ती आली. थोडं अंतर ठेवून उभी राहिली.

"थँक यू," ती म्हणाली.

"अगं, थँक यू कसलं. तूच केलंस."

"मला कळलं तुम्ही का बोललात. घरी सांगितलं मी फोनवर, पास झाले म्हणून. पप्पा रडले."

"बरं झालं."

तिला आणखी काहीतरी बोलायचं होतं. परबांनी ग्लासमधला चहा संपवला, तरी ती उभीच होती.

"एक विचारू? तुम्हाला ते मॅडमनी लिहून दिलेलं?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. परबांच्या जिभेवर हो आलंही होतं. पण या मुलीशी आज आणखी एक नाटक करावं असं त्यांना वाटेना.

"नाही."

"मग सुचलं कुठून?"

"ऐकलेलं आहे," परब म्हणाले. "लोक बोलतात. कानावर पडतं."

"मी पण ऐकलंय," सान्वी म्हणाली. "शाळेत होते तेव्हापासून. ओळखीच्या माणसाकडून आज पहिल्यांदा ऐकलं."

ती रागाने बोलली नाही, हेच परबांना फार लागलं. ती रागावली असती तर त्यांनी माफी मागितली असती. तिने पर्स खांद्यावर सरकवली, "येते," म्हणाली आणि माजिवड्याकडे जाणाऱ्या रिक्षात बसली. दर वेळी ती "येते हं काका" म्हणायची. परबांनी टपरीवाल्याला ग्लास परत दिला. केलं ते बरोबर केलं, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. त्याने दुःख कमी होतं असं थोडंच आहे.

घरी शुभदाताईंनी खांद्याला तेल चोळलं. "पास झाली?" त्यांनी विचारलं. "झाली," परब म्हणाले.  त्या बराच वेळ चोळत राहिल्या.

सोमवारी नवी बॅच यायची होती. मैथिली मॅडमनी परबांना आधीच केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"काका, शुक्रवारी तुम्ही तिला काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. पण तिचा चेहरा मी बघितला. मला वाटतं, हे आपण पहिल्या दिवसापासून करायला हवं. प्रत्येकीला."

"मॅडम, ते एकदाच होतं. तिच्यापुरतं."

"विमानात एकदाच नसतं ना काका. पहिल्यांदा ऐकलं की माणूस सुन्न होतो. ते सुन्न होणं इथे होऊन जाऊ दे. तिथे नको." त्यांनी उजवी बाजू त्यांच्याकडे केली. "जबरदस्ती नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसरा माणूस बघीन. पण त्याला मी ओळखत नसेन. तो काय बोलेल, कुठे थांबेल, मला कसं कळणार?"

 हे काम करायला आनंदाने तयार होईल असा माणूस कसा असेल, ते परबांच्या डोळ्यांसमोर आलं. त्यापेक्षा आपण बरे, असं त्यांना वाटलं. आणि असं वाटल्याचंच त्यांना वाईट वाटलं.

"करतो," ते म्हणाले. "पण मग तुम्ही त्यांना माझी ओळख करून देऊ नका."

"म्हणजे?"

"दर वेळी तुम्ही सांगता ना, हे आपले परब काका, घाबरू नका, स्वभावाने एकदम गरीब आहेत म्हणून. ते सांगू नका."

मॅडमनी मान हलवली. तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबल्याचे आवाज आले.

नव्या मुली फाटकातून आत येत होत्या, नवे बूट घालून, केस चापूनचोपून बांधून. परब शेडच्या दारात चहा घेऊन उभे होते. पुढे असलेली मुलगी हसली. डोंबिवलीहून आले म्हणाली, रिक्षावाल्याने फार फिरवलं म्हणाली, आणि हातातला डबा पुढे करून म्हणाली, "आईने घावणे दिलेत. घ्या ना काका."

घावणे गरम असावेत, डब्याच्या पारदर्शक झाकणाला आतून वाफ धरलेली दिसत होती. परबांनी तिच्याकडे बघितलं.

"काका नाही," ते म्हणाले. "चार सी."

मुलीचं हसू तोंडावरच राहिलं. तिने डबा मागे घेतला आणि मैत्रिणींकडे वळून बघितलं. परब आत गेले. शेडमध्ये अजून दिवे लावले नव्हते. ते वाट चाचपत चौथ्या रांगेपर्यंत पोचले, उजव्या हाताने पट्टा ओढून कमरेला लावला आणि त्या सगळ्या आत यायची वाट बघत बसून राहिले.